बसणाऱ्याची सीट

सीट करून घ्यायला आलेल्या माणसाची मागणी ठरलेली असते. "चाचा, मऊ करून द्या." पुण्याच्या नाना पेठेतल्या गल्लीतले सीटवाले चाचा यावर लगेच होकार देत नाहीत. आधी ते माणसाला गाडीवर बसवतात, साइड स्टँड काढायला लावतात, स्वतः मागून गाडी घट्ट धरतात आणि म्हणतात, "आता पाय फुटरेस्टवर घ्या. रोडवर बसता तसं बसा." मग कंबर कुठं वाकते, गुडघे किती उंच येतात, माणूस टाकीकडे किती सरकतो, हे सगळं ते न बोलता बघतात. शेवटी एकच प्रश्न असतो: "दुखतं कुठं? हात लावून दाखवा."

त्या दिवशी समोर ३५० सीसीची एक सिंगल सिलिंडर गाडी होती. मालक तिशीतला, हंपीला निघालेला. साठ-सत्तर किलोमीटर झाले की बूड बधिर होतं आणि माकडहाड ठणकतं, अशी त्याची तक्रार. चाचांनी सीट उलटी केली, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं एकेक स्टेपल पिन उचकली आणि रेक्झिन सोलून बाजूला ठेवलं. आतला फोम पिवळा पडला होता. त्यावर अंगठा दाबून त्यांनी मला जवळ बोलावलं. अंगठा सहज आत गेला आणि थेट खालच्या प्लॅस्टिकच्या तळाला टेकला.

दुखण्याचं मूळ तिथं होतं. बसलेल्या माणसाचं वजन कमरेच्या हाडाच्या खालच्या दोन टोकांवर येतं. मऊ फोम या दोन टोकांखाली पार चेपतो आणि माणूस खरं तर प्लॅस्टिकवर बसलेला असतो. वर आजूबाजूचा न चेपलेला फोम उगाच मांड्यांना आणि माकडहाडाला रेटत राहतो. शोरूममध्ये पाच मिनिटं बसून गाडी पसंत करणाऱ्याला हीच सीट गादीसारखी वाटते. माझ्या मते सीटच्या बाबतीत गिऱ्हाइकाची सगळ्यात मोठी फसगत या पाच मिनिटांत होते. चांगली सीट पहिल्यांदा बसल्यावर जरा कडकच लागते, तिचा गुण दोन तासांनी कळतो.

चाचांनी जाड मार्करनं फोमवर दोन गोल काढले आणि हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं तेवढा भाग कापून काढला. त्या खड्ड्यात रिबॉन्डेड फोम बसवला, म्हणजे फोमचा चुरा गोंद घालून दाबलेली ती रंगीबेरंगी लादी. दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावून ते थांबले. सोल्यूशन ओलं असताना चिकटवलं तर पुढं सांधा सुटतो. बोटाला लागेनासं झालं की मगच दाबायचं. त्यानंतर ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून घासायला घेतलं. फोमचा भुगा सगळीकडे उडाला. दर थोड्या वेळानं ते डोळे मिटून तळहात फिरवत आणि जिथं हात अडेल तिथं पुन्हा चकती टेकवत. सीटचा टाकीकडचा उतारही त्यांनी मोडला. उतार असला की ब्रेक मारताना माणूस पुढं घसरतो, हातांनी स्वतःला मागं ढकलत राहतो आणि मग मनगटं, खांदे, मान ओळीनं दुखायला लागतात. ते दुखणं घेऊन लोक हँडल बदलायला जातात.

वर जेमतेम सेंटिमीटरभर मऊ फोमचा थर, त्यावर पाण्यासाठी प्लॅस्टिकचा कागद, मग रेक्झिन. रेक्झिन आधी टाकीकडच्या टोकाला पिनांनी धरलं, मग मागं ओढलं आणि शेवटी बाजू ताणल्या. शिवण बसायच्या जागेवर येऊ दिली नाही. तिथली शिवण टोचते आणि पावसात पहिलं पाणी तिथूनच मुरतं.

हे चाललं असताना मालकाची दुसरी तक्रार पुढं आली: सिग्नलला उजवी मांडी भाजते. यावर सीटवाल्याकडे काय इलाज असणार, असं मला वाटलं होतं. पण चाचांनी सीटचं नाक पुढून थोडं रुंद केलं होतं आणि बैठक बोटभर उंच. त्यानं गुडघ्याचा कोन खुलला आणि मांडी इंजिनच्या हेडपासून जरा लांब गेली. अर्थात याची किंमत आहे. नाक रुंद झालं की पाय जमिनीला कमी पुरतात, आणि बुटक्या माणसाला चढावरच्या गर्दीत ते जड जातं. म्हणून हे करण्याआधी दोन्ही पाय जमिनीला टेकवून बघायचं. सीटच्या तळाला, इंजिनच्या बाजूनं, त्यांनी चंदेरी पन्नी लावलेल्या ग्लासवुलचा पट्टाही चिकटवला.

उष्णता किती असते, ते वीजबिलाच्या भाषेत सांगता येतं. १ लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. ताशी ७० नं जाणारी, लिटरला ३५ देणारी गाडी तासाला २ लिटर, म्हणजे १८ युनिट जाळते. त्यातली जेमतेम चार-पाच युनिट चाक फिरवायला लागतात. उरलेली तेरा-चौदा नुसती उष्णता, म्हणजे २ किलोवॉटचे सहा-सात गिझर माणसाच्या दोन पायांमध्ये चालू. त्यातला मोठा भाग सायलेन्सरवाटे जातो, बाकीचा सिलिंडरच्या फिनांतून आणि ऑइलमधून. धावताना वारा ही उष्णता उचलून नेतो. सिग्नलला गाडी कमी पेट्रोल जाळते, पण वारा नसतो, आणि गरम हवा सरळ वर, मांडीकडे येते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स हा धुराचा नियम आला आणि पायाजवळची भट्टी आणखी तापली. सायलेन्सरमधलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांना पोचल्याशिवाय नीट काम करत नाही. ते लवकर तापावं म्हणून बऱ्याच गाड्यांत इंजिनच्या जवळ बसवतात. धूर स्वच्छ झाला, ही मोठी गोष्ट आहे, आणि त्यासाठी थोडी आच सोसायला माझी ना नाही. पण ते ठाऊक नसलं की माणूस गाडीत बिघाड शोधत बसतो. रेडिएटरवाल्या गाड्यांत आणखी वेगळं घडतं. कूलंट तापलं की पंखा सुरू होतो आणि रेडिएटरमागची गरम हवा चालवणाऱ्याच्या नडग्यांवर येते. तेव्हा इंजिन अगदी सुखात असतं. गाडी तापणं आणि गाडीवाला तापणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, दोन्हींचा वैद्यही वेगळा.

पहिल्या दुखण्याचा वैद्य शेजारच्या गाळ्यात होता. त्याच्याकडे खाण्याची पार्सलं पोचवणाऱ्या एका मुलाची १२५ सीसीची गाडी होती. मुलगा म्हणाला, "दादा, दुपारी पिकअपच जातो. आवाज तर काहीच नाही." मेकॅनिक म्हणाला, "आवाज नाही, तेच वाईट." त्यानं टॅपेटची झाकणं उघडली आणि फिलर गेजची पातळ पात सारून बघितली. एक्झॉस्टच्या बाजूला पात शिरेना. टॅपेट टाइट असला, म्हणजे ही फट उरली नाही, की व्हॉल्व्ह हेडमधल्या आपल्या सीटवर पूर्ण टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः त्या टेकण्यातूनच हेडमध्ये उतरते. टेकला नाही तर तापत तापत कडेनं जळतो. म्हणून जुने मेकॅनिक बारीक टकटक ऐकू आली की समाधानी होतात. गिऱ्हाईक मात्र तीच टकटक बंद करायला सांगतं. नट सैल करून, स्क्रू केसभर फिरवून, पात हलक्या हातानं ओढत त्यानं गॅप लावला. मग फिनांतला वाळलेला चिखल ब्रशनं काढला, काळं झालेलं ऑइल बदललं, मागचा ब्रेक घासत होता तो मोकळा केला. सायलेन्सरच्या बेंड पाइपवर कापडी पट्टी गुंडाळू का, असं मुलानं विचारलं. मेकॅनिकनं मान हलवली: पट्टी पावसात पाणी धरते, खालचा पाइप गंजतो.

त्या मुलाच्या सीटवर जाळीचं कव्हर होतं, त्यावर घडी केलेला टॉवेल. काळं रेक्झिन उन्हात पोळतं आणि घामही जिरू देत नाही, जाळीतून थोडी हवा खेळते. दिवसाचे दहा-बारा तास गाडीवर काढणाऱ्यांचा हाच आराम. सीट, टॅपेट, ऑइल हा ज्यांच्या शरीराचा रोजचा प्रश्न आहे, त्यांच्याकडे गाडी दोन तास उभी ठेवायलाही वेळ नसतो, याचं मला फार वाईट वाटतं. पार्सलं वाटणाऱ्या कंपन्यांनी सीटचा खर्च उचलावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

लांब जाणाऱ्यांना एक सांगायला हवं. मे महिन्यात विदर्भात हवा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जाते. आपली कातडी असते पस्तिशीच्या आसपास. तेव्हा वारा अंगाला थंड करत नाही, उलट तापवतो. थंडावा येतो तो फक्त घाम वाळण्यातून. त्यामुळे उघडे हात आणि जाळीचं जॅकेट यांपेक्षा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि मानेवर ओलं उपरणं बरं. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, म्हणून नागपूरकडे जाणारे जुन्या रस्त्यांनी गावागावांतून जातात, आणि प्रत्येक गावात थांबणं आलंच. तासाभरानं उतरून पाच मिनिटं चालावं. मधून मधून फुटरेस्टवर उभं राहिलं, तरी हाडाखाली रक्त पुन्हा खेळतं.

संध्याकाळी सीट गाडीवर चढली. मालक बसला, सरकून बघितलं, म्हणाला, "जरा कडक वाटते." चाचा म्हणाले, "चारशे-पाचशे किलोमीटर चालवा, मग सांगा. मागं कोण बसणार आहे?" मालक म्हणाला, बायको. ती समोरच्या दुकानात थांबली होती. "मग ताईंना बोलवा ना!"

ती आली, मागं बसली. सीटबद्दल आजवर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. चाचांनी विचारलं तशी ती भराभर सांगू लागली: मागं धरायला नीट जागा नाही, सीटची कड मांडीखाली कापते, उजव्या पोटरीला सायलेन्सरची झळ लागते, आणि गाडी थांबली की आपण पुढं घसरतो. चाचांनी खिशातला मार्कर काढला, मागच्या अर्ध्या भागावर कड कुठं कापते तिथं रेघ मारली, मालकाला म्हणाले, "सीट उतरवा परत," आणि पिना काढायला बसले.