पेनड्राइव्हवरचा ब्राउझर लॉगिन का विसरतो? जाणून घ्या खरं कारण

समजा, तुम्ही बोनकोडे गावात राहता आणि घरी स्वतःचा लॅपटॉप नाही. मग फॉर्म भरायला कधी कोपरखैरण्याच्या सायबर कॅफेत जायचं, कधी मित्राच्या कॉम्प्युटरवर बसायचं. सोबत पेनड्राइव्हमध्ये पोर्टेबल ब्राउझर, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट फोल्डरमधून चालणारा ब्राउझर. काल लॉगिन करून ठेवलं होतं, आज पाहिलं तर परत पासवर्ड मागतोय! असं का होतं?

कुकी म्हणजे काय?

लॉगिन केल्यावर वेबसाइट ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी देते, तिला कुकी म्हणतात. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी ही पद्धत शोधली. पुढच्या वेळी ब्राउझर ही चिठ्ठी दाखवतो आणि साइट तुम्हाला ओळखते. चिठ्ठी हरवली की ओळख गेली.

मग चिठ्ठी जाते कुठे?

विंडोजवर क्रोम कुकी कुलूपबंद करून ठेवतो आणि त्याची किल्ली त्या कॉम्प्युटरवरच्या विंडोज अकाउंटशी बांधलेली असते. पेनड्राइव्हवर कुलूप तुमच्यासोबत आलं, पण किल्ली तिथेच राहिली! नव्या कॉम्प्युटरवर जुनी कुकी उघडतच नाही.

फायरफॉक्सचं वेगळं आहे. त्याच्या कुकी प्रोफाइल फोल्डरमध्येच असतात, त्यामुळे त्या सोबत येतात. तरीही लॉगिन जात असेल तर हे तपासा:

- ब्राउझर बंद करताना कुकी पुसण्याची सेटिंग चालू आहे का?
- तुम्ही प्रायव्हेट विंडो वापरताय का?
- ब्राउझर पूर्ण बंद होण्याआधीच पेनड्राइव्ह खेचून काढला का? आधी ब्राउझर बंद करा, मग ‘इजेक्ट’ करा.

आणि बँकेसारख्या साइट मुद्दामच थोड्या वेळाने लॉगआउट करतात. तिथे ब्राउझरचा काही दोष नाही.

विसरणं वाईटच का?

जरा थांबा! समजा, तुमचा पेनड्राइव्ह ट्रेनमध्ये पडला. कुकी उघड्या असतील, तर ज्याला तो सापडेल त्याला पासवर्डची गरजच नाही. तो थेट तुमच्या ईमेलमध्ये शिरू शकतो. फायरफॉक्सचा मुख्य पासवर्ड लावला असला तरी तो फक्त सेव्ह केलेले पासवर्ड झाकतो, कुकी नाही. म्हणजे जे कुलूप तुम्हाला त्रास देतं, तेच चोरालाही अडवतं.

मग करायचं काय?

पासवर्ड पेनड्राइव्हवर ठेवू नका. मोबाइलमधल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा आणि बघून टाइप करा. महत्त्वाच्या खात्यांना दोन टप्प्यांची पडताळणी लावा. काम झालं की लॉगआउट करा. पेनड्राइव्ह हरवलाच, तर मोबाइलवरून गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ विभागात जाऊन अनोळखी डिव्हाइस साइन आउट करा आणि पासवर्ड बदला.

दोन मिनिटं जास्त लागतील, पण खातं तुमचंच राहील!