उकळतं पाणी धातूच्या भिंतीआडून कसं दिसतं?

नववीत उष्णता शिकवताना एका मुलीने विचारलं, "सर, कुकरमधलं पाणी संपलंय हे झाकण न उघडता कसं कळणार?" "करपल्याचा वास आल्यावर!" मागून उत्तर आलं. वर्ग हसला. पण अणुभट्टीत वास येईपर्यंत थांबून कसं चालेल?

१९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. यांत इंधनाच्या कांड्यांभोवतीच पाणी उकळतं. दाब वातावरणाच्या सुमारे ७० पट, म्हणून उत्कलनबिंदू साधारण २८५ अंश सेल्सिअस. पाणी वर जाताना वाफ वाढत जाते आणि शेवटी कांडीच्या अंगाला पाण्याचा अगदी पातळ थर उरतो. तो सुकला की कांडी एकदम तापते, पातेल्याचा तळ करपतो तसंच. म्हणून हा थर कुठे, किती उरतो हे कळायलाच हवं.

इथे न्यूट्रॉन कामी येतो. चॅडविक यांनी १९३२ मध्ये शोधलेल्या या कणाला विद्युतभार नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉन त्याला फारसे अडवत नाहीत, त्याची गाठ थेट केंद्रकाशी पडते. मुलांना वाटतं, जड पदार्थच जास्त अडवणार. क्ष-किरणांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, पण इथे गंमत उलटी! पाण्यातला हलका हायड्रोजन न्यूट्रॉनना जोरात विखुरतो, तर अ‍ॅल्युमिनियममधून ते सहज पार होतात. अ‍ॅल्युमिनियम जणू काच आणि पाणी जणू शाई.

मग नळी रिकामी असताना एक चित्र, पाण्याने भरलेली असताना दुसरं आणि प्रवाह चालू असताना तिसरं घ्यायचं. तिन्हींची तुलना केली की वाटेत किती पाणी होतं ते काढता येतं. मात्र एक मोठा बुडबुडा की अनेक छोटे, हे एका चित्रावरून सांगता येत नाही, कारण सगळ्यांची सावली एकावर एक पडते. त्यासाठी नळी फिरवून अनेक बाजूंनी चित्रं घेतात, दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखी. पण त्याला वेळ लागतो, म्हणून मिळते ती सरासरी. धावता बुडबुडा नव्हे.

स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत कांड्यांच्या जुडग्याची प्रतिकृती करून, वाफेऐवजी हवा सोडून, पाण्याचा हा थर असाच मोजला गेला.

"मग तारापूरचाच फोटो काढू या!" असं मुलं म्हणतातच. भट्टीची पोलादी भिंत जाड, आत भरपूर पाणी, शिवाय इंधन स्वतःच न्यूट्रॉन सोडत असतं. म्हणून प्रतिकृती.

वर्गात दाखवायचं तर एकच शाईचं पाणी परीक्षानळीत आणि रुंद ग्लासात घेऊन खिडकीसमोर धरा. ग्लास गडद का दिसतो, ते मुलांनाच सांगू द्या.