खिडकीचा आकडा गंजला? बाजारात जाताना जुना खिशात टाका

दांडी (ता. पालघर) : पावसाळा तोंडावर आला की किनाऱ्यावरच्या घरांत खिडक्यांची कटकट सुरू होते. वारा सुटला की झडप धाडधाड आपटते. कारण तिला धरून ठेवणारा आकडा, ज्याला दुकानदार ‘स्टे’ म्हणतात, खाऱ्या हवेने खाल्लेला असतो. मे २०२१ मधल्या तौक्तेसारखं वादळ आलं तर असल्या आकड्याच्या भरवशावर काच राहत नाही, आणि खिडकीखाली पोरं झोपलेली असतात.

मोबाईलवर शोधलं की हँडल फिरवून उघडणाऱ्या परदेशी खिडक्यांचे व्हिडिओ येतात. तो सामान आपल्या खिडकीला लागत नाही. आपल्याकडे जुन्या लाकडी आणि लोखंडी खिडक्यांना भोकांची पट्टी असते. चौकटीवरच्या खुंटीत तिचं भोक अडकवायचं, की झडप तिथेच थांबते. दुकानात ‘केसमेंट स्टे’ असं मागावं.

नुसतं नाव सांगून मात्र भागत नाही. बोईसरला जाऊन आठ इंची आणला आणि घरी भोकंच जुळेनात, असं हमखास होतं. म्हणून जुना आकडा काढून सोबत न्यावा. तो निघतच नसेल तर बाजूला फूटपट्टी धरून फोटो काढावा. माप इंच-सुतात घ्यावं : पट्टीची पूर्ण लांबी आणि स्क्रूच्या एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर. खुंटीची जाडीही बघावी, हे मात्र बरेच जण विसरतात. ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसीच्या खिडकीला वर-खाली दोन ‘फ्रिक्शन स्टे’ असतात. त्यातला एक गेला तरी जोडीच बदलावी, नाहीतर झडप तिरकी बसते.

आता धातूचं बघू. साधं लोखंड, वरून कितीही चकचकीत मुलामा असला तरी, समुद्राकाठी टिकत नाही. स्टीलमध्ये ३०४ आणि ३१६ असे प्रकार मिळतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते मिठाला जास्त दाद देत नाही. महाग पडतं, पण दांडीसारख्या गावात तेच परवडतं. लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे माल चांगला, असं दुकानात सांगतात. त्यावर जाऊ नये, स्वस्तातल्या २०२ स्टीललाही चुंबक नीट चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्यावा.

पितळ जुनं आणि भरवशाचं. पण पितळी आकड्याला लोखंडी स्क्रू मारला की खारट ओलीत स्क्रू आधी सडतो. बोटीच्या पंख्याजवळ लावलेला जस्ताचा तुकडा आधी झिजतो, तोच हा प्रकार. दर्यावर जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तेव्हा स्क्रूही पितळीच घ्यावा. तो मऊ असतो, लाकडात थेट पिळला तर डोकं तुटतं. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून काढावा, मग पितळी स्क्रूला साबण लावून तो बसवावा. जुनं भोक सैल झालं असेल तर सागाची काडी फेव्हिकोल लावून आत ठोकावी आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू मारावा.

जुना स्क्रू गंजून बसला असेल तर खाच खरवडून रॉकेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे सोडावा, रात्रभर ठेवावं, सकाळी डोक्यावर हलकी टिचकी मारून मग फिरवावा. जबरदस्ती केली की खाच जाते आणि सुताराला बोलवावं लागतं.

मापाचा आकडा कुठेच मिळाला नाही तर तारापूर एमआयडीसीकडे चौकशी करावी. तिथल्या रसायन कारखान्यांची स्टीलची कामं करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे ३१६ पट्टीचे उरलेले तुकडे असू शकतात. जुना नमुना दाखवला तर तसाच कापून, भोकं पाडून मिळू शकतो. वाड्याच्या खिडकीचा जुन्या घडणीचा पितळी आकडाच हवा असेल तर मुंबईचा चोरबाजार धुंडाळावा, ग्रँट रोडला उतरून तिथे जाता येतं. फक्त शुक्रवारी जाऊ नये, त्या दिवशी मटण स्ट्रीटवरची नेहमीची दुकानं बंद असतात.