आकडी आली? आधी घड्याळ बघा

● बहुतेक आकड्या एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढ्याने मेंदूच्या पेशी सहसा मरत नाहीत.

● 5 मिनिटं उलटली, की आकडी आपणहून थांबण्याची शक्यता घटते. उपचार तिथेच सुरू व्हायला हवेत. सर्वांगाला झटके देणारी आकडी 30 मिनिटांपुढे लांबली, तर पेशींना कायमची इजा होऊ शकते.

● इजा कशी होते? ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन बेसुमार पाझरतं. पेशींची दारं उघडीच राहतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशीची ऊर्जाकेंद्रं कोलमडतात. सर्वाधिक झळ आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला बसते.

● 1973 मध्ये ब्रायन मेल्ड्रम आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांचे स्नायू औषधाने लुळे करून त्यांना कृत्रिम श्वासावर ठेवलं. अंगाचे झटके थांबले, तरी मेंदूतली आकडी चालूच राहिली आणि हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी मेल्या. म्हणजे मेंदूतलं विजेचं वादळही घातक असतं.

● या पेशींना थेट कवच देणारं खात्रीचं औषध अजून नाही. आकडी लवकर थांबवणं हेच संरक्षण. डॉक्टरांनी मिडॅझोलॅमचा नाकात मारायचा फवारा लिहून दिला असेल, तर तो हाताशी ठेवा. रोजची गोळी चुकवू नका.

● कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. रुग्णाला कुशीवर वळवा, वेळ मोजा. 5 मिनिटांत आकडी थांबली नाही, तर लगेच 108 क्रमांकावर फोन करा.