चाळिशीआधी पाळी थांबते तेव्हा

बालाघाट जिल्ह्यातल्या लालबर्र्यासारख्या गावात पस्तिशीतल्या बाईची पाळी बंद झाली, की बरेचदा ‘कमजोरी’ म्हणून विषय संपतो. पण 100 पैकी 1 ते 4 बायकांची अंडाशये चाळिशीआधीच थकतात, आणि यात त्यांचा काडीचाही दोष नसतो.

पुष्कळदा कारण सापडत नाही. सापडते तेव्हा ते अनेकदा एक्स गुणसूत्रात असते. त्यावरच्या एफएमआर1 या जनुकात ‘सीजीजी’ ही तीन अक्षरे साधारण 30 वेळा येतात. ती 55 ते 200 वेळा आली, तर अशा सुमारे पाचांपैकी एकीची पाळी चाळिशीआधी जाते. आईकडून मुलाकडे जाताना हा आकडा 200 च्या पुढे गेला, तर त्याला बौद्धिक अपंगत्व येऊ शकते. 55 ते 200 वेळांचा बदल वडिलांकडूनही मुलीत येतो. म्हणून आई-मावशीइतकीच आत्याचीही चौकशी करावी.

तीन-चार महिने पाळी आली नाही, तर आधी गरोदरपणाची आणि मग एफएसएच या हार्मोनची रक्ततपासणी करून घ्या. निदान झाल्यास हार्मोनचे उपचार सहसा पन्नाशीपर्यंत चालतात. हाडांसाठी, हृदयासाठी ते गरजेचे असतात. बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि घरातला असा इतिहास त्यांना न लाजता सांगा.