सफरचंदाचा क्रंबल आणि हात कुठे थांबवायचा

विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातोय : तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने क्रंबलवर का बोलावं? नियम माहीत असणं आणि तो लागू करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. त्याचं इतकं स्वस्त आणि वर खाण्याजोगं उदाहरण दुसरं नाही, म्हणून. शिवाय समोर साठी ओलांडलेले बरेच पुरुष दिसताहेत, ज्यांची स्वयंपाकघराशी ओळख चहापुरतीच असावी. आजचं बोलणं विशेषतः त्यांच्यासाठी आहे. बायकांनी ऐकायला हरकत नाही, पण त्यांना यातलं निम्मं आधीच ठाऊक आहे. कसं, ते पुढे येईल.

क्रंबल हा इंग्रजांच्या घरातला गोड पदार्थ. खाली फळांच्या फोडी, वर मैदा, बटर आणि साखर यांचा हाताने चोळलेला भुगा, आणि हे सगळं ओव्हनमध्ये भाजायचं. मळणं नाही, लाटणं नाही, अंडं नाही, यीस्ट नाही. नावाचा अर्थच मुळी चुरा होणं, भुगा होणं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो ब्रिटनमध्ये घरोघरी रुजला असं सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे. जानेवारी १९४० मध्ये तिथे बटर आणि साखर रेशनवर आली, आणि रेशनिंग पूर्णपणे उठायला जुलै १९५४ उजाडला. मधल्या काळात कधी कधी माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे सत्तावन्न ग्रॅमच्या आसपास बटर मिळायचं. पाय करायचा तर फळांना पारी लागते, आणि पारीत स्निग्ध पदार्थ भरपूर लागतो. क्रंबलला वरचा एक थर पुरतो, तोही सलग नको. टंचाईत जन्मलेले किंवा वाढलेले पदार्थ पुढे सुबत्तेतही टिकले, तर त्यांत काहीतरी दम आहे असं समजावं.

फळाचं बघू. इंग्लंडमध्ये यासाठी ब्रॅम्ली नावाचं सफरचंद वापरतात. आंबट इतकं की कच्चं सहसा कोणी खात नाही, आणि शिजलं की फोडी विरघळून हलका, फुललेला गर होतो. त्याची गोष्ट आम्हाला फार आवडते. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावी १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने सफरचंदाची बी पेरली. पुढे ते घर, झाडासकट, मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाने विकत घेतलं. मेरीवेदर नावाच्या रोपवाटिकेवाल्या तरुणाने झाडाच्या काड्या मागितल्या, तेव्हा ब्रॅम्लीने अट घातली, की फळाला माझं नाव द्यायचं. बी पेरली एकीने, नाव लागलं दुसऱ्याचं. असो, नामकरणाचा प्रश्न वेगळ्या व्याख्यानाचा.

आपल्या बाजारात ब्रॅम्ली नाही. काश्मीरचं किंवा हिमाचलचं सफरचंद गोड आणि घट्ट असतं, त्याच्या फोडी भाजल्यावरही आकार धरून राहतात. म्हणून दोन गोष्टी करायच्या. एक, लिंबू पिळायचं, कारण आंबटपणाशिवाय हा पदार्थ नुसताच गोडमिट्ट लागतो. दोन, फोडी आधी कढईत चार-पाच मिनिटं परतून घ्यायच्या. हिरवं आंबट सफरचंद मिळालं तर निम्मं ते घ्या. पेरू चालतो, बिया काढून. हापूसचा मात्र करू नका. आधीच पूर्ण असलेल्या गोष्टीला भट्टीत घालण्यात अर्थ नाही.

चौघांसाठी माप असं : सफरचंदं पाऊण किलो, साल काढून बोटाच्या पेराएवढ्या फोडी. त्यावर दोन चमचे साखर, अर्ध्या लिंबाचा रस, असेल तर दालचिनीची पूड. भुग्यासाठी दीडशे ग्रॅम मैदा, पंचाहत्तर ग्रॅम बटर, पंचाहत्तर ग्रॅम साखर. म्हणजे मैद्याच्या निम्मं बटर, निम्मी साखर, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. आपल्याकडचं नेहमीचं बटर खारट असतंच, वेगळं मीठ नको. साखर दळू नका. दाण्यांचा कुरकुरीतपणा हवा आहे. मैद्यातला थोडा भाग काढून त्याजागी जाड रवा घातला तर आमच्या मते चांगलंच होतं.

आता मुख्य गोष्ट. इंग्रजी पाककृतीत लिहिलेलं असतं, की बटर मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळा, मिश्रण ब्रेडच्या चुऱ्यासारखं दिसेपर्यंत. वाक्य सोपं वाटतं. पण ज्याने ब्रेडचा चुरा निरखून पाहिलेला नाही, त्याला या वाक्याने काय सांगितलं? काहीच नाही. ते वाक्य एका ओळखीच्या अनुभवाकडे बोट दाखवतं, आणि तो अनुभव तुमच्याकडे नसेल तर बोट हवेतच राहतं.

आणि गंमत अशी, की तो अनुभव आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे, फक्त दुसऱ्या नावाने. करंजीच्या, शंकरपाळ्याच्या पिठात मोहन घालतात. मोहन पिठाला चोळून झालं की बाई मूठभर पीठ उचलते आणि दाबून बघते. मुटका वळला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला, की मोहन बरोबर. वळलाच नाही तर कमी पडलं. क्रंबलची कसोटी हीच आहे. इथे बसलेल्या ज्या बायका 'बेकिंग आम्हाला जमत नाही' म्हणतात, त्यांच्या तळहाताला ते दर दिवाळीला जमत असतं.

दोन्हीकडे कारणही एकच. मैद्यातल्या प्रथिनांना पाणी मिळालं आणि हाताने रगडलं, की त्यांचे चिवट धागे होतात; पोळीला ते हवे असतात. स्निग्ध पदार्थाचा थर पिठाच्या कणांना लागला की पाणी आत शिरायला अडथळा येतो, धागे होत नाहीत, पदार्थ खुसखुशीत होतो. फरक इतकाच, की मोहन आपण कडकडीत तापवून घालतो आणि नंतर दुधाने-पाण्याने पीठ भिजवतो. इथे बटर थंडगार हवं, आणि पाणी अजिबात नको. थंड बटर सगळीकडे सारखं पसरत नाही. काही कण वाळूसारखे, काही हरभऱ्याएवढे राहतात. ती असमानताच खायला मजा आणते.

आता अडचण बघा. बटर साधारण बत्तीस ते पस्तीस अंशांना वितळतं. आपल्या तळहाताचं तापमान त्याच आसपास असतं, आणि एप्रिल-मे मध्ये आपल्या स्वयंपाकघराचंही. त्यात बटरमध्ये स्वतःचं पाणी असतं, साधारण सहावा हिस्सा. म्हणजे तुम्ही चोळत राहिलात तर बटर वितळतं, पाणी सुटतं, आणि भुग्याचा गोळा होतो. म्हणून बटरचे तुकडे आणि मैदा, दोन्ही पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. तळहात लावू नका, फक्त बोटांची टोकं. पीठ उचला, चोळा, वरून पडू द्या. आणि वेळेवर थांबा. साखर चोळून झाल्यावर मिसळायची.

थांबायचं कधी? नेमकं इथेच पाककृती गप्प होते. समजा आम्ही सांगितलं, तीन मिनिटं. तुमचा हात गरम, बटर मऊ, तर तीन मिनिटं जास्त होतील. मग आणखी एक नियम देऊ : हात गरम असेल तर दोन. पण 'गरम' म्हणजे किती? कांटने हा पेच दाखवून ठेवलाय. नियम कुठे लावायचा हे सांगायला दुसरा नियम दिला, तर तो कुठे लावायचा हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून निर्णयशक्ती शिकवता येत नाही, सरावानेच येते, असं तो म्हणतो. कांट कोनिग्सबर्गला घरी पाहुणे जेवायला बोलवत असे, पण स्वतः कधी पीठ चोळलं असेल असं आम्हाला वाटत नाही.

हात उशिरा थांबला आणि गोळा झालाच, तर टाकून देऊ नका. अर्धा तास फ्रिजमध्ये घट्ट करा आणि काट्याने ओरबाडून तुकडे करा. लवकर थांबला तर कोरडा मैदा दिसतो; त्यापेक्षा गोळा परवडला, कारण कच्च्या मैद्याची चव लपत नाही.

पुढचं सोपं आहे. फोडी पसरट भांड्यात पसरा, भुगा वरून सैलसर टाका, दाबू नका. वाफेला वाट हवी. ओव्हन आधी तापवून घ्या, १८० अंश, आणि तीस ते चाळीस मिनिटं ठेवा. घरगुती ओटीजीची चकती आणि आतली उष्णता यांचं पुष्कळदा जमत नाही, म्हणून घड्याळापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा : वर सोनेरी रंग, आणि कडेने रस बुडबुडताना दिसला पाहिजे. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. रस तेवढ्यात दाटतो.

मघाशी एकांनी चिठ्ठी पाठवली, तूप चालेल का? चालेल, थिजलेलं असेल तर. पण चव नानकटाईकडे झुकेल. घरच्या लोण्यात पाणी जास्त असतं, ते टाळा.

इंग्रज यावर गरम कस्टर्ड ओततात. कस्टर्ड पावडर आपल्याला परकी नाही, उन्हाळ्यात फ्रूट कस्टर्ड घरोघरी होतं. तीही बिनअंड्याचीच. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डच्या बायकोला अंडं सोसत नसे, म्हणून त्याने १८३७ साली ती बनवली. दूध थोडं जास्त घालून पातळ ठेवा.

उरलाच, तर दुसऱ्या दिवशी परत ओव्हनमध्येच दहा मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये भुगा मऊ पडतो. सकाळी थंडच, दह्याबरोबर, चहाच्या आधी खाल्ला तरी छान लागतो.