हाब्रे खटला : अखत्यारीच्या शोधातली सतरा वर्षं

जुलै २००० मध्ये सेनेगलची राजधानी डाकार इथल्या अपील न्यायालयाने एका परदेशी माणसावरचे आरोप रद्द केले. गुन्हे परदेशात घडले, आरोपी परदेशी, तेव्हा आमच्या न्यायालयांना हे प्रकरण चालवण्याचा अधिकार नाही, असं अपील न्यायालयाचं म्हणणं होतं. मार्च २००१ मध्ये सर्वोच्च पातळीवरही हाच निकाल कायम झाला. आरोपी होता हिसेन हाब्रे, चाडचा माजी हुकूमशहा. त्याच्यावर आरोप ठेवले गेले ते फेब्रुवारी २००० मध्ये. एका आफ्रिकी देशाच्या न्यायालयाने दुसऱ्या आफ्रिकी देशाच्या माजी प्रमुखाला असं आरोपी करण्याची ती पहिलीच वेळ. १९९८ मध्ये चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे याला लंडनला अटक झाल्यापासून हाब्रेच्या बळींना आणि त्यांच्या वकिलांना ही वाट दिसू लागली होती. आरोप ठेवल्यापासून पाच महिन्यांत ती बंद झाली.

हाब्रेने १९८२ ते १९९० अशी आठ वर्षं राज्य केलं. लिबियाच्या गद्दाफीला शह द्यायला हा माणूस उपयोगी, म्हणून अमेरिका आणि फ्रान्सने त्याला पैसा आणि शस्त्रं पुरवली. त्याच्या डीडीएस या राजकीय पोलीस यंत्रणेने राजधानी एन्जामेनात फ्रेंच अमदानीतल्या एका पोहण्याच्या तलावावर काँक्रीटचं छत घालून खाली कोठड्या केल्या होत्या. ‘पिसीन’, म्हणजे तलाव, हेच त्या तुरुंगाचं नाव. १९९२ च्या चौकशी आयोगाने या राजवटीतल्या मृतांचा अंदाज ४०,००० असा मांडला.

सुलेमान गेंगेंग हा सरळमार्गी हिशेबनीस या यंत्रणेच्या कैदेत दोन वर्षांहून अधिक काळ होता. शेजारी माणसं मरताना पाहून त्याने शपथ घेतली होती की सुटलो तर हे जगाला सांगेन. डिसेंबर १९९० मध्ये हाब्रे पळून सेनेगलला गेला, तुरुंग उघडले आणि गेंगेंगने सोबत्यांसह जबान्या लिहून घ्यायला सुरुवात केली. अशा ७९२ जबान्या जमल्या. त्या त्याला कित्येक वर्षं लपवून ठेवाव्या लागल्या, कारण राज्य बदललं तरी डीडीएसची बरीच माणसं खुर्च्यांवर होती. नवा अध्यक्ष इद्रिस देबी हा स्वतः एकेकाळी हाब्रेचा सेनाप्रमुख होता. चाडमध्ये खटला उभा राहील ही आशाच फोल होती. पुढे २००१ मध्ये डीडीएसच्या जुन्या मुख्यालयात जमिनीवर पसरलेले हजारो कागद सापडले. त्यांत १२,३२१ बळींची नावं होती. मारल्या गेलेल्या किंवा कोठडीत मेलेल्यांची संख्या १,२०८. छळ करणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने इतकी नोंद ठेवली होती!

मग न्याय मागायचा कुठे? हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय १ जुलै २००२ च्या आधीच्या गुन्ह्यांना हात लावू शकत नाही. उरला १९८४ चा छळविरोधी करार. संशयित ज्या देशात सापडेल त्या देशाने त्याच्यावर खटला चालवावा, नाहीतर चालवणाऱ्याच्या हवाली करावं, असं तो सांगतो. सेनेगलने तो १९८६ मध्येच मान्य केला होता, पण देशाचा कायदा मात्र त्याप्रमाणे बदलला नव्हता. (भारताने या करारावर १९९७ मध्ये सही केली, मान्यता आजही दिलेली नाही.)

डाकारने नाकारल्यावर बळी बेल्जियमला गेले. तिथल्या १९९३ च्या कायद्याने जगात कुठेही घडलेल्या अशा गुन्ह्यांवर खटला चालवता येत होता. अमेरिकी नेत्यांविरुद्धही तक्रारी आल्या तेव्हा अमेरिकेने नाटोचं मुख्यालय हलवण्याची धमकी दिली आणि २००३ मध्ये हा कायदा गुंडाळला गेला. बलाढ्यांपर्यंत हात पोहोचताच असा कायदाच निघून जातो, याचा राग यावा असाच तो प्रसंग आहे. हाब्रेची फाईल वाचली, कारण तपास आधीच सुरू झाला होता आणि तक्रारदारांत बेल्जियन नागरिकही होते. २००५ मध्ये अटक वॉरंट निघालं.

सेनेगलने त्याला हवाली केलं नाही. प्रकरण आफ्रिकी संघाकडे टोलवलं. संघाने २००६ मध्ये ‘आफ्रिकेच्या वतीने’ तुम्हीच खटला चालवा असं सांगितल्यावर आधी निधी द्या, असा हट्ट सेनेगलने धरला. त्यात आणखी वर्षं गेली. या काळात बळी मरत होते, आणि हाब्रे डाकारमध्ये सुखात राहत होता. दिरंगाईला मी दुसरी शिक्षाच म्हणेन, आणि ती बळींना झाली.

बेल्जियमने २००९ मध्ये देशादेशांतले वाद ऐकणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात सेनेगलविरुद्ध दावा लावला. २० जुलै २०१२ चा निकाल निःसंदिग्ध होता: हवाली करणार नसाल तर विनाविलंब खटला चालवा. पैशाची अडचण किंवा देशांतर्गत कायद्याची सबब चालणार नाही. त्याच वर्षी सेनेगलमध्ये सत्तांतर झालं, मॅकी साल अध्यक्ष झाले आणि सरकारची टाळाटाळ थांबली. आफ्रिकी संघाशी करार होऊन सेनेगलच्याच न्यायव्यवस्थेत विशेष आफ्रिकी न्यायासनं उभी राहिली. हा मार्ग मला सर्वांत मोलाचा वाटतो. आफ्रिकेच्या हुकूमशहाला युरोपच्या कोर्टात उभं करण्याबद्दल आफ्रिकेत जो आक्षेप होता, त्याला आफ्रिकेने स्वतः खटला चालवूनच उत्तर दिलं.

जुलै २०१५ मध्ये सुनावणी सुरू झाली. न्यायासनाला न मानणाऱ्या हाब्रेला जबरदस्तीने उचलून आणून बसवावं लागलं. तो शेवटपर्यंत गप्प राहिला. बुर्किना फासोचे गुस्ताव काम मुख्य न्यायाधीश होते. बळींची बाजू चाडच्या वकील जॅकलिन मुदैना मांडत होत्या. याच लढ्यात २००१ मध्ये त्या ग्रेनेडने जखमी झाल्या होत्या. ९० हून अधिक साक्षीदार बोलले. कधी कुणाला न सांगितलेल्या बलात्काराच्या कहाण्याही स्त्रियांनी तिथे सांगितल्या. ३० मे २०१६ रोजी मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि छळ यांसाठी हाब्रेला जन्मठेप झाली. एप्रिल २०१७ मध्ये अपिलातही ती टिकली. त्याने स्वतः बलात्कार केल्याचा आरोप मात्र गळाला, कारण तो मूळ आरोपपत्रात नव्हता. तो आरोप करणाऱ्या स्त्रीच्या खरेपणावर न्यायासनाने शंका घेतली नव्हती.

अपिलात ७,३९६ बळींना ८२ अब्ज सीएफए फ्रँक भरपाई ठरली. आफ्रिकी संघाने त्यासाठी निधी स्थापायचा होता. हाब्रे ऑगस्ट २०२१ मध्ये कोविडने मेला, तोवर बळींच्या हाती काही पडलं नव्हतं. २०२४ मध्ये चाड सरकारने सुमारे १० अब्ज फ्रँक वाटायला घेतले. उरलेली रक्कम बळींच्या संघटना अजून मागत आहेत.